पत्र पोचले, पण पुढचे कोण सांगणार?

मा. संपादक,
सप्रेम जय भीम.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांच्यातल्या १९४६ च्या पत्रव्यवहारावर आपल्या रविवार पुरवणीत लेख आला. लेख आवडला, कात्रण जपून ठेवले आहे. पण दोघांच्या पत्रांची देवाणघेवाण सांगून लेख तिथेच थांबला, त्याने मन अस्वस्थ झाले. मी छत्तीस वर्षे नागपूरला रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होतो. धावत्या मेल व्हॅनमध्ये, हेलकावे खात, रात्रभर पत्रे खणांत टाकली. पत्र योग्य बॅगेत पडले, बॅगेवर लाखेची मोहर बसली, की आमचे काम झाले असे आम्ही मानायचो. या दोन पत्रांचे मात्र तसे नाही. ती पोचल्यानंतरच्या सोळा-सतरा वर्षांत जे घडले ते आपल्या वाचकांना कळायला हवे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने ड्यु बॉइस यांची कागदपत्रे सर्वांना पाहता येतील अशी खुली ठेवली आहेत. माझ्या नातीने ती दोन्ही पत्रे मला संगणकावर मोठी करून दाखवली. बाबासाहेबांचे पत्र टंकलिखित आहे, जेमतेम पानभर. आपली प्रत्यक्ष भेट नाही, पण दडपलेल्या माणसांसाठी झटणाऱ्या प्रत्येकाला आपले नाव ठाऊक आहे, असे ते लिहितात. मी अस्पृश्यांपैकी आहे आणि तुम्ही माझे नाव कदाचित ऐकले असेल, असेही लिहितात. हे 'कदाचित' वाचून मी किती तरी वेळ पडद्याकडे बघत बसलो होतो. पुढे मागणी आहे ती अगदी साधी. अमेरिकेतल्या निग्रोंनी (त्या काळचा शब्द) संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज दिल्याचे वाचले, त्याच्या दोन-तीन प्रती मिळाल्या तर बरे, आम्हीही तसा विचार करत आहोत. ३१ जुलै १९४६ ला ड्यु बॉइस उत्तर देतात की तो अर्ज 'नॅशनल निग्रो काँग्रेस' नावाच्या छोट्या संघटनेचा आहे, सोबत जोडला आहे, पण याहून सविस्तर आणि पुराव्यांनिशी केलेले निवेदन पुढे येईल, ते आले की तुम्हाला प्रत पाठवीन.

इथवर आपल्या लेखात आहे. आता पुढचे.

ज्या संघटनेचा अर्ज बाबासाहेबांना हवा होता, तिचे नाव डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलनी जाहीर केलेल्या 'देशविघातक' संघटनांच्या यादीत आले. कम्युनिस्टांशी संबंध, हा ठपका. संघटनेत कम्युनिस्ट होते ही गोष्ट खरी, लपवण्यासारखे त्यात काही नाही. पण त्या अर्जात मागितले काय होते? वर्णभेदाची दखल घ्या, एवढेच.

ड्यु बॉइस यांनी कबूल केलेले सविस्तर निवेदनही तयार झाले. एन.ए.ए.सी.पी. या सर्वांत मोठ्या कृष्णवर्णीय संघटनेतर्फे २३ ऑक्टोबर १९४७ ला ते संयुक्त राष्ट्रांना सादर झाले. त्याच्या प्रस्तावनेत ड्यु बॉइस यांनी लिहिले की अमेरिकेला धोका रशियाचा नाही तितका मिसिसिपीचा आहे. स्टालिन-मोलोटोव्ह यांच्यापेक्षा बिल्बो आणि रँकिन यांचा आहे. हे दोघे मिसिसिपीचे गोऱ्या वर्चस्वाचे पुढारी. यातले रँकिन प्रतिनिधिगृहाच्या 'अमेरिकाविरोधी कारवाया' शोधणाऱ्या समितीवर सदस्य म्हणून बसत. म्हणजे काळ्या माणसाला मताचा हक्क देऊ नये म्हणणारा गृहस्थ देशभक्ती मोजायला बसला होता. निवेदन सोव्हिएत प्रतिनिधींनी उचलून धरले आणि तिथेच ते मेले. रशिया पाठिंबा देतो, मग यात काळेबेरे असणारच, असा हिशेब. अमेरिकी शिष्टमंडळात एलिनॉर रूझवेल्ट होत्या आणि त्या एन.ए.ए.सी.पी.च्या संचालक मंडळावरही होत्या. त्यांनीही निवेदनाला हात दिला नाही. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, ड्यु बॉइस यांना त्याच संघटनेतून काढून टाकले गेले. जिच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता, ती संघटना.

इथे मला माझ्या धंद्याची एक गोष्ट सांगू द्या. १९१३ साली टेनेसी राज्यात चॅटनूगा इथे अमेरिकेच्या रेल्वे टपालातल्या कृष्णवर्णीय कारकुनांनी स्वतःची संघटना काढली. गोऱ्यांच्या संघटनेत त्यांना प्रवेश नव्हता. लाकडी मेल व्हॅन अपघातात चिरडायच्या, पेट घ्यायच्या. त्यामुळे ते जोखमीचे काम काळ्यांच्या वाट्याला यायचे. पोलादी डबे आले, काम सुरक्षित झाले, आणि मग त्यांना तिथून हुसकायची घाई सुरू झाली. मी लाकडी डब्यात काम केलेले नाही, पण वळणावर मेल व्हॅन एका बाजूला कलते तेव्हा हाताला जे धरायला मिळेल ते धरणारा माणूस मला चांगला ठाऊक आहे. ही माणसे मला परकी वाटत नाहीत.

मार्च १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सरकारी नोकरांची निष्ठा तपासण्याचा हुकूम काढला. टपाल खात्यातल्या अनेक कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना या तपासणीचा फटका बसला. पगारी, शिकलेली, संघटना करणारी काळी माणसे तिथेच तर जास्त होती. वर्णभेदाविरुद्ध सभेला जाणे हाच संशय घ्यायला पुरेसा आधार ठरू लागला. डोरोथी बेली या सरकारी रोजगार खात्यातल्या बाईंना चौकशी मंडळाने काय विचारावे? तुम्ही रेडक्रॉसला रक्त वेगळे ठेवण्याबद्दल पत्र लिहिले होते का? महायुद्धात रेडक्रॉस काळ्या रक्तदात्याचे रक्त गोऱ्यापासून वेगळे साठवत असे. त्याविरुद्ध कोणी पत्र लिहिले तर तो म्हणे कम्युनिस्ट असण्याची शक्यता! बाईंच्या विरोधात कोणी सांगितले, हे त्यांना शेवटपर्यंत कळू दिले नाही. एप्रिल १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी बरोबरी झाली आणि नोकरी गेली ती गेलीच.

हे वाचताना मला माझा एक दिवस आठवला. माझ्याविरुद्ध वरिष्ठांकडे निनावी अर्ज गेला होता, ड्युटीवर सभा घेतो म्हणून. साहेबांनी बोलावले, खुलासा मागितला, पण अर्ज दाखवला नाही. तो टेबलावर पालथा घातला होता. मागच्या बाजूला उमटलेली निळी शाई मला दिसत होती, अक्षरे लागत नव्हती. जो अर्ज वाचलाच नाही त्याचा खुलासा मी दोन पाने लिहून दिला. माझी नोकरी टिकली. बेलीबाईंची गेली. एवढा फरक सोडला तर त्या खोलीतली हवा मला ओळखीची आहे.

आता परत ड्यु बॉइस यांच्याकडे येतो. अणुबॉम्बविरोधी सह्या गोळा करणाऱ्या एका शांतता केंद्राचे ते अध्यक्ष होते. परकीय हस्तक म्हणून नोंदणी केली नाही, असा खटला त्यांच्यावर १९५१ मध्ये भरला. फेब्रुवारीत वॉशिंग्टनच्या न्यायालयात त्यांच्या बोटांचे ठसे घेतले, हातात बेड्या घातल्या. आठवड्यावर त्यांचा ८३ वा वाढदिवस होता. न्यूयॉर्कच्या ज्या हॉटेलात वाढदिवसाचे जेवण ठरले होते, त्या हॉटेलने ऐनवेळी नकार दिला. मग हार्लेममध्ये ते झाले. साक्षीला उभा राहायला आईनस्टाईन तयार होते. तशी वेळच आली नाही, नोव्हेंबरमध्ये न्यायाधीशांनी पुराव्याअभावी सगळ्यांना सोडून दिले. निर्दोष सुटल्यावर तरी पुरे व्हावे? नाही. पासपोर्ट १९५८ पर्यंत नाकारला. ६ मार्च १९५७ ला घाना स्वतंत्र झाला, आमंत्रण होते, आयुष्यभर आफ्रिकेच्या स्वातंत्र्याचे स्वप्न पाहिलेला माणूस घरी बसून राहिला. आपले टपाल अडवले जाते, त्यात ढवळाढवळ होते, आणि कृष्णवर्णीय मुलांच्या कानावर आपले नाव पडेनासे झाले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. टपालाला हात लावणे म्हणजे काय, हे आमच्या खात्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही.

गायक पॉल रोबसन यांचीही तीच गत. १९५० ला पासपोर्ट रद्द. १९५६ च्या जूनमध्ये 'अमेरिकाविरोधी कारवाया' शोधणाऱ्या त्याच समितीने विचारले की रशिया एवढा आवडतो तर तिथेच का राहिला नाहीत? माझा बाप गुलाम होता, माझ्या लोकांनी मरून हा देश उभारला, मी इथेच राहणार आणि तुमच्याइतकाच वाटा घेणार, असे त्यांनी तोंडावर सुनावले. १९५८ मध्ये त्यांची साठी भारतात साजरी झाली. समारंभ समितीचे अध्यक्ष होते आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. अमेरिकी वकिलातीने आडकाठी करून पाहिली. नेहरूंनीही शुभेच्छा दिल्या आणि समारंभ झाला. आपल्या पुरवणीला यावर स्वतंत्र लेख करता येईल.

कोणी म्हणेल, ही माणसे होतीच कम्युनिस्टांच्या जवळची. होती. स्टालिन मेल्यावर ड्यु बॉइस यांनी त्याचे गुणगान केले ते चूकच होते, माझ्यासारख्या आंबेडकरी माणसाला ते पटणे शक्य नाही. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करून हिंसेचा मार्ग स्पष्ट नाकारला होता. पण तो वाद विचाराने विचाराशी घातलेला होता. त्यात कोणाचा पासपोर्ट नव्हता, बेडी नव्हती. आणि ज्यांचा कम्युनिझमशी काही संबंध नव्हता तेही सुटले नाहीत. अलाबामाने १९५६ मध्ये एन.ए.ए.सी.पी.लाच राज्यात काम करायला बंदी घातली. १९५७ मध्ये टेनेसीच्या हायलँडर शाळेत बसलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांचा फोटो पुढे 'कम्युनिस्ट प्रशिक्षण शाळेत किंग' म्हणून दक्षिणेत मोठमोठ्या फलकांवर लावला गेला. १९६४ मध्ये एफ.बी.आय. या अमेरिकी सरकारच्या तपास यंत्रणेने त्यांना निनावी पत्र आणि ध्वनिफीत पाठवली, जीव द्या असे सुचवणारे. ते पाकीट मायामीहून टपालात टाकले होते.

दुसरी बाजूही सांगतो. याच भीतीचा उपयोग कधी उलटाही झाला. डिसेंबर १९५२ मध्ये अमेरिकी सरकारनेच सर्वोच्च न्यायालयाला सांगितले की शाळांतला वर्णभेद कम्युनिस्टांच्या प्रचाराला आयते खाद्य देतो. १७ मे १९५४ ला शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा न्यायालयाचा निकाल आला त्यामागे अनेकांची मेहनत होती, तशी ही भीतीही होती. पण अन्याय अन्याय आहे म्हणून नव्हे, तर जगात नाव खराब होते म्हणून सरकार हलले, हे मला आजही बोचते.

२७ ऑगस्ट १९६३ ला ड्यु बॉइस घानाच्या राजधानीत, आक्रामध्ये वारले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनला नागरी हक्कांसाठीचा तो प्रसिद्ध मोर्चा होता. किंग यांच्या भाषणाच्या आधी, त्याच एन.ए.ए.सी.पी.चे रॉय विल्किन्स यांनी ही बातमी जमावाला सांगितली. डॉ. ड्यु बॉइस यांनी उतारवयात दुसरी वाट धरली, हे सांगायला ते त्या क्षणीही विसरले नाहीत. मात्र या शतकाच्या उगवतीला तुम्हाला इथे बोलावणारा आवाज त्यांचाच होता, हेही त्यांनी सांगितले.

संपादक महोदय, दोन्ही पत्रांचा मराठी अनुवाद मी वहीत करून ठेवला आहे, शब्दन् शब्द तपासून. ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीवर पुस्तकांची दुकाने लागतात तेव्हा तरुण मुले माझ्याकडे येऊन बाबासाहेबांनी अमेरिकेत कोणाला पत्र लिहिले होते ते विचारतात. त्याआधी आपण ही दोन्ही पत्रे पूर्ण छापावीत आणि त्याखाली १९४७ ते १९६३ ची हकीकत द्यावी. मानधन नको. वहीची छायाप्रत सोबत जोडली आहे, मूळ वही मागाल तर स्पीड पोस्टाने पाठवीन.

आपला,
रेल्वे मेल सर्व्हिसमधला एक निवृत्त सॉर्टर, नागपूर