दहा हजार फुटांखालच्या गप्पा

महोदय,

टेकऑफनंतर वैमानिक कॉकपिटमध्ये गप्पा मारत होते, ही बातमी कालच्या अंकात वाचली. प्रवासी सुखरूप पोहोचले, असे सांगून ती संपते. म्हणजे काही बिघडले नाही, असा वाचकाने अर्थ घ्यायचा का? शिवाय बातमीत सगळा भर टेकऑफनंतरच्या गप्पांवर आहे. नियम त्याआधीच लागू होतो. विमान टॅक्सीसाठी, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीकडे जायला, हलले की दहा हजार फूट गाठेपर्यंत उड्डाणाशी संबंध नसलेले काहीही बोलायचे नाही, हा 'स्टेराइल कॉकपिट'चा अर्थ. अमेरिकेत हा नियम १९८१ पासून आहे.

तरीही ३१ ऑगस्ट १९८८ रोजी डॅलसला काय झाले? बोइंग ७२७ टेकऑफसाठी रांगेत होते. कॉकपिटमध्ये केबिन क्रूशी बराच वेळ गप्पा चालल्या. पुढे चेकलिस्ट वाचली गेली. 'फ्लॅप्स?' (पंखांच्या कडेचे, उचल वाढवणारे भाग) या प्रश्नाला उत्तर आले, 'पंधरा, पंधरा, हिरवा दिवा.' म्हणजे फ्लॅप पंधरावर उघडलेले. प्रत्यक्षात ते उघडलेलेच नव्हते. चुकीच्या मांडणीची सूचना देणारा हॉर्नही वाजला नाही. फ्लॅपशिवाय पंखांना त्या वेगात पुरेशी उचल मिळत नाही. विमान जेमतेम उचलले गेले, धावपट्टीपलीकडच्या अँटेनावर आदळले आणि १०८ पैकी १४ जण गेले.

गप्पा कानच व्यापतात असे नाही, डोळे तपासायचे थांबतात. शेकडो वेळा दिलेले उत्तर जीभ आपोआप देते. फ्लॅपचा लिव्हर आणि इंडिकेटर न पाहताच. म्हणूनच चेकलिस्ट मध्येच तुटली तर जिथे थांबलो तिथून नव्हे, पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायची असते.

धावपट्टीवर तर वेळ सेकंदांत मोजायचा. बोइंग ७३७ मध्ये थ्रस्ट लिव्हर (इंजिनांची ताकद वाढवणारे दांडे) पुढे करून इंजिनांचा वेग आधी साधारण ४० टक्क्यांपर्यंत नेऊन दोन्ही इंजिने स्थिर होऊ द्यायची, मगच टेकऑफची पूर्ण ताकद. एक इंजिन मागे राहिले की नाक बाजूला वळते. २७ डिसेंबर २०१६ च्या पहाटे गोव्याच्या दाबोळी विमानतळावर मुंबईला निघालेले ७३७ याच टप्प्यात धावपट्टी सोडून बाहेर गेले. त्यामागे गप्पा होत्या असे मी म्हणत नाही. पण तो टप्पा किती नाजूक असतो, हे गोव्याने आपल्याच दारात पाहिले आहे.

वर चढताना काम कमी होते, हाही गैरसमज. चाके आत घेणे, फ्लॅप टप्प्याटप्प्याने मिटवणे, अल्टिमीटरची (उंचीमापकाची) सेटिंग बदलणे आणि जमिनीवरून हवाई वाहतूक सांभाळणाऱ्या कंट्रोलरने दिलेली उंची अचूक परत म्हणून दाखवणे, हे सगळे चार-पाच मिनिटांत. मोपा आणि दाबोळी हे गोव्याचे दोन विमानतळ सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटरवर. २५० नॉटच्या वेगाने विमान मिनिटाला साडेसात किलोमीटरहून जास्त जाते. दाबोळीवर नौदलाची विमानेही उडतात. अशा आकाशात एक आकडा चुकीचा ऐकला तर दुसऱ्या विमानाच्या उंचीवर जाऊन पोहोचायला वेळ लागत नाही.

केबिन क्रूनेही या वेळात चहा-कॉफी विचारायला इंटरकॉम उचलू नये. धूर, आग, विचित्र आवाज असेल तर मात्र तत्क्षणी सांगावे; नियमाच्या धाकाने गप्प राहणेही तितकेच घातक. बातमीत याची एक ओळ हवी होती.

जाता जाता आणखी एक. हंगामात किनाऱ्यावरच्या पार्ट्यांतून आकाशात सोडल्या जाणाऱ्या हिरव्या लेझरबद्दल आपण काहीच का छापत नाही? रात्री वैमानिकाच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात. काचेवर तो झोत पडला की क्षणभर समोरची उपकरणे दिसत नाहीत. वैमानिकाला जाब विचारणाऱ्या बातमीशेजारी, पार्टीला परवाना देताना या झोतांची दिशा कोण पाहतो, हा प्रश्न पंचायतींनाही विचारा.

आपला,
एक वाचक, चिखली, वास्को