देखावा करणाऱ्याचंही नाव छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गॉडझिला या जपानी राक्षसावरचा लेख वाचला. २०२४ साली या मालिकेतल्या चित्रपटाला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं आणि ते काम अवघ्या ३५ जणांनी केलं, ही माहिती वाचून आनंद झाला. पण १९५४ साली हा राक्षस ज्याने पहिल्यांदा पडद्यावर उभा केला, त्या एजी त्सुबुराया यांचं नाव लेखात एकदाही नाही. दिग्दर्शक आला, कंपनी आली, हा माणूस तेवढा राहिला. मी चाळीस वर्षं सोलापुरात गणपतीचे हलते देखावे केले, म्हणून ही गोष्ट मनाला लागली आणि लिहायला बसलो.

त्यांची माझी ओळख कशी झाली ते सांगतो. १९८६ च्या गणपतीत पूर्व भागातल्या एका मंडळासाठी मी झोपेतून उठणारा कुंभकर्ण केला होता. चौदा फुटी, बांबूचा सांगाडा, वर किंतान आणि कागदाचा लगदा. मोटर वायपरची. पहिल्या रात्री पडदा उघडला आणि कुंभकर्ण दोन सेकंदांत ताडकन उठून बसला. पोरं खदाखदा हसली. रंग, डोळे, मिशा सगळं जमलं होतं, पण चौदा फुटांचा राक्षस कोणाला राक्षस वाटेना. दुसऱ्या दिवशी भंगारातून यंत्रमागाची जुनी दातेरी चाकं आणली आणि मोटरची गती इतकी उतरवली की उठायला त्याला नऊ-दहा सेकंद लागू लागले. त्या रात्री मांडवात आवाज नव्हता. एक लहान मुलगी आईच्या पदरात तोंड लपवून उभी होती, ती मला अजून दिसते.

पुढे दोनेक वर्षांनी एका व्हिडिओ पार्लरमध्ये गॉडझिलाची कॅसेट पाहिली. भाषा कळत नव्हती. पण तो राक्षस पाऊल टाकतो, मागे इमारत ढासळते, आणि विटा सावकाश, जड होऊन खाली येतात, हे पाहिलं आणि उठून उभाच राहिलो. मला चाकं बदलून सापडलेली गोष्ट या माणसाने किती आधी, किती पुढे नेली होती! पार्लरवाल्याने तोच भाग मला पाच वेळा मागे नेऊन दाखवला. त्याचे उपकार आहेत.

त्यामागचं गणित पुतण्याने समजावून दिलं, तो तेव्हा पॉलिटेक्निकला होता. गॉडझिलाची उंची ५० मीटर धरलेली, आणि टोकियोची घरं २५ पट लहान करून बांधलेली. म्हणजे राक्षस उरला दोन मीटरचा, बरोबर पोशाख घातलेल्या माणसाएवढा. पण घर लहान केलं म्हणून खाली पडण्याचा वेग लहान होत नाही. गुरुत्वाकर्षण आहे तेवढंच. छोटी भिंत चटकन पडते आणि खेळणं उघडं पडतं. मग कॅमेरा जास्त वेगाने चालवायचा आणि पडद्यावर नेहमीच्या वेगाने दाखवायचं. पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाने बदलतो. २५ चं वर्गमूळ ५, म्हणून हिशेबाने पाचपट वेग, सेकंदाला २४ ऐवजी १२० चित्रं. विझवता न येणारी अडचण आग आणि पाण्याची. ज्वाळा आणि थेंब कितीही केलं तरी लहान होत नाहीत. आमच्या देखाव्यात समुद्र करायची वेळ आली की मी पाण्याला हातच लावत नसे, निळं प्लास्टिक हलवत असे. त्सुबुराया विमानातून दिसणारा समुद्र दाखवायला आगरची जेली वापरत, जिला आपण चायना ग्रास म्हणतो. वितळणारे विजेचे मनोरे त्यांनी मेणाचे केले होते. अणुस्फोटाचा ढग हवा असला तर पाण्याच्या टाकीत वरून रंग सोडत आणि कॅमेरा उलटा लावत. खाली उतरणारा रंग पडद्यावर वर चढणारा ढग होई. हे वाचल्यावर मी घरच्या काचेच्या बरणीत करून पाहिलं. खरंच होतं.

खरं तर त्यांना माणसाला पोशाख घालायचाच नव्हता. १९३३ चा किंग काँग पाहून ते वेडे झाले होते, त्याची प्रत मिळवून एकेक चित्र तपासत बसले होते. त्या पद्धतीने, बाहुली इंच इंच हलवून गॉडझिला केला असता तर सात वर्षं लागली असती. हातात महिने होते. मग रबराचा पोशाख आला, शंभर किलोच्या घरातला. पहिला तर इतका ताठ झाला की आत माणूस चालू शकेना, तो कापून पायांच्या दृश्यांना वापरला. आत हारुओ नाकाजिमा नावाचा नट. दिव्यांच्या उष्णतेत काही मिनिटांतच जीव घाबरा व्हायचा. त्या माणसाने प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं कशी चालतात ते पाहून राक्षसाची चाल बसवली.

त्सुबुराया १९०१ साली फुकुशिमा प्रांतातल्या सुकागावा गावी जन्मले. घरचा धंदा कोजीचा, म्हणजे मिसो (सोयाबीनचं आंबवलेलं वाटण) आणि साके (तांदळाची दारू) यांना लागणाऱ्या विरजणाचा. पोराचं डोकं मात्र विमानात. १९१६ साली हानेदाच्या विमानशाळेत गेले, पुढच्याच वर्षी शाळेच्या संस्थापकाचा अपघाती मृत्यू झाला आणि शाळा बंद पडली. मग खेळण्यांच्या कंपनीत नोकरी, १९१९ पासून सिनेमाचा कॅमेरा.

एक गोष्ट सोलापूरकर म्हणून मी लपवणार नाही. १९४२ च्या डिसेंबरात जपानमध्ये युद्धाचा प्रचार करणारा मोठा चित्रपट लागला. त्यातला पर्ल हार्बरवरचा हल्ला त्सुबुराया यांनी छोट्या जहाजांवर, छोट्या विमानांनी उभा केला होता. त्याच महिन्यात, ९ तारखेला, आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये वारले, जपानी आक्रमणात जखमी झालेल्यांची सेवा करता करता. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला त्रास होतो. कला मोठी होती, काम चुकीच्या बाजूचं होतं. युद्धानंतर १९४८ मध्ये त्यांना तोहो या सिनेमा कंपनीतून बाहेर व्हावं लागलं, बाहेर राहून मिळेल ते काम केलं. मग १ मार्च १९५४ ला अमेरिकेच्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीची राख २३ जपानी मच्छीमारांच्या होडीवर पडली, त्यातला एक सप्टेंबरात गेला, आणि ३ नोव्हेंबरला गॉडझिला पडद्यावर आला. पर्ल हार्बर जाळणाऱ्या त्याच हातांनी या वेळी टोकियो जाळलं, बाँब म्हणजे काय ते सांगायला. म्हणून मी त्यांना मानतो.

आता माझी मागणी. पहिल्या गॉडझिलात त्सुबुराया यांचं नाव इतर तंत्रज्ञांच्या सोबत होतं. १९५५ च्या दुसऱ्या चित्रपटापासून 'स्पेशल इफेक्ट्स दिग्दर्शक' ही स्वतंत्र ओळ त्यांच्या नावाने आली. त्यानंतर कोणी त्यांना विसरू शकलं नाही. १९६३ मध्ये स्वतःची कंपनी, १९६६ मध्ये टीव्हीवर राक्षसांशी लढणाऱ्या अल्ट्रामॅनची मालिका, १९७० च्या जानेवारीत निधन. आज सुकागावात त्यांचं संग्रहालय आहे आणि रस्त्यारस्त्यांवर त्यांच्या पात्रांचे पुतळे आहेत. त्या एका ओळीने किती फरक पडतो पाहा.

आपल्याकडे दादासाहेब फाळके, बाबूराव पेंटर यांची नावं आपण घेतो, घ्यायलाच हवीत. पण मांडवातल्या कारागिराचं काय? त्या कुंभकर्णाच्या वर्षी मंडळाच्या पत्रिकेत अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, वर्गणीदार मिळून साठ-पासष्ट नावं होती. सुताराचं नाही, वायरमनचं नाही, माझं नाही. पेपरात फोटो आला, खाली मंडळाचं नाव. मी ते कात्रण तरीही जपून ठेवलंय.

येत्या गणेशोत्सवात आपण देखाव्यांचे फोटो छापाल, तेव्हा खाली एक ओळ वाढवा: देखावा कोणी केला, मूर्ती कोणाची, यंत्रं कोणी जोडली. नावं मिळवणं अवघड नाही. आपला फोटोग्राफर येईल तेव्हा त्याला पडद्याच्या मागे पाठवा. मोटर गरम होते म्हणून तिथे स्टुलावर एक माणूस हातात टेस्टर घेऊन रात्री बंद होईपर्यंत बसलेला असतो. त्याला विचारा.

आपला नम्र,
एक निवृत्त देखावा कारागीर
साखर पेठ, सोलापूर