टपरीवालीचा कर जास्त!
घानातील आक्रा शहरात बिअरच्या कारखान्याजवळच एक बाई टपरीवर बिअर विकत होती. ‘अ‍ॅक्शनएड’ या स्वयंसेवी संस्थेच्या २०१०च्या अहवालानुसार तिने भरलेला प्राप्तिकर ‘सॅबमिलर’ या बहुराष्ट्रीय बिअर कंपनीच्या त्या कारखान्यापेक्षा जास्त होता! (कंपनीने अर्थातच आरोप फेटाळले.) नफा गेला कुठे? कमी कराच्या देशांतल्या स्वतःच्याच भगिनी कंपन्यांकडे: ब्रँडचे स्वामित्वशुल्क नेदरलँड्सला, व्यवस्थापन शुल्क स्वित्झर्लंडला, खरेदी मॉरिशसमार्गे. सगळे कागदोपत्री चोख. मग शाळा-दवाखान्यांसाठी सरकारने मदतीची झोळी पसरायची! २०२१ मध्ये किमान १५ टक्के कंपनी कराचे ठरले खरे, पण लोणी कंपन्यांची मुख्यालये असलेल्या श्रीमंत देशांच्याच वाट्याला. आफ्रिकी देशांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांत करविषयक कराराच्या वाटाघाटी चालू आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिका त्यातून उठून गेली. भारताने तिथे आफ्रिकेच्या बाजूने ठाम बोलावे.
– एक वाचक, सांगली