पाचवा उद्गार

प्रिय आशिष,
सप्रेम सलाम.

रविवारी तू फोनवर चिडलास आणि पप्पांनी मध्येच फोन घेतला, म्हणून माझं सांगायचं राहून गेलं. घरी प्रार्थनेला आलेल्या बाई म्हणाल्या, "विश्वास पुरा असेल तर डायलिसिस कशाला?" हे तुला कळलं आणि तू देवावरच रागावलास. त्यांचं बोलणं चुकीचंच होतं, आणि मी ते त्यांना तोंडावर सांगितलं. बायबलमधल्या पत्रात प्रेषित पौलाने आपल्या शिष्याला, तीमथ्याला, सरळ लिहिलंय की त्रफिम आजारी होता, म्हणून त्याला मिलेत शहरात ठेवून आलो. ज्याच्या हातून कितीतरी माणसं बरी झाली, त्याचाच सोबती आजारी राहिला, आणि त्याच्या विश्वासाबद्दल पौल वावगा शब्द काढत नाही. पौलासोबत लूक होता, तो तर वैद्यच. आठवड्यातून तीनदा चार-चार तास माझं रक्त गाळणारं मशीन मला देवानेच दिलेलं वाटतं. ते मी सोडणार नाही, ही काळजी तू मनातून काढून टाक.

आता तू विचारलंस ते. "मग तुझा देव करतो काय?"

बाळा, सुया सोसतात. पायात गोळे येतात तेही सोसतं. हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी रक्तवाहिन्या जोडून केलेल्या जागेवर, बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरावं तसं रक्त वाहताना जाणवतं, त्याचीही सवय झाली; रोज सकाळी ते तपासून बघते. सोसत नाही ती तहान. मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकत नाहीत, त्यामुळे प्यालेला घोट अंगातच साठतो, पाय सुजतात, जास्त झालं तर धाप लागून आडवं पडवत नाही. म्हणून पप्पा दिवसभराचं पाणी छोट्या स्टीलच्या बाटलीत मोजून भरतात. चहा आणि वरणातलं पाणी त्यातच धरायचं. वर्तकनगरच्या नाक्यावर रसवंतीची घुंगरं वाजली की माझी जीभ टाळूला चिकटते. मग बर्फाचा एक खडा तोंडात धरते, तोही हिशेबातला.

अशाच एका दुपारी मला येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांतला पाचवा आठवला. "मला तहान लागली आहे." लहानपणापासून दर गुड फ्रायडेला ऐकत आले. पाळक त्यावर आत्म्याच्या तहानेचा उपदेश करतात, तो चांगलाच असतो. पण त्या दुपारी मला साधी घशाची तहान दिसली. माझ्या प्रभूचे ओठ सुकले होते. ते त्याने लपवलं नाही, सगळ्यांदेखत सांगितलं, आणि मिळाली काय, तर स्पंजातली आंब. मी पाण्यासाठी रडते तेव्हा ते रडणं ज्याला ठाऊक आहे त्याच्यापुढे रडते. आजार तसाच आहे, आशिष. पण एकटं वाटत नाही, आणि तो करतो ते हे.

रात्री झोप लागली नाही की मी त्याच्याशी भांडतेसुद्धा. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाच. ते शेवटपर्यंत अंधारातच आहे, तरी पवित्र शास्त्रात आहे. म्हणजे असं बोलायची मुभा आहे. तुलाही आहे. पंडिता रमाबाईंची मनोरमा 1921 मध्ये गेली, त्यांना स्वतःला ऐकू येत नव्हतं, शरीर थकलेलं, तरी मूळ हिब्रू-ग्रीकवरून शास्त्राचं मराठी करणं त्यांनी 1922 मध्ये जाईपर्यंत सोडलं नाही. पोटची एकुलती एक लेक गेल्यावर कोणी रिकाम्या शब्दांना इतकं धरून बसत नाही, असं मला फार वाटतं.

पाळकसाहेब महिन्याला घरी प्रभुभोजन देतात, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षारस. प्याल्यातला तो घोटही पप्पा हिशेबात धरतात. तो मी पटकन गिळत नाही, जिभेवर ठेवते.

या वेळी गुड फ्रायडे माझ्या डायलिसिसच्या दिवशीच येतोय. सकाळच्या पाळीत नाव घालून घेतलंय, म्हणजे साडेअकरापर्यंत सुटेन आणि बाराची उपासना मिळेल. पाचव्या उद्गाराला मला तिथे बसायचंय. तू आदल्या रात्री ये आणि मला न्यायला सेंटरवर रिक्षा घेऊन थांब; मशीनवरून उठल्यावर चक्कर येते आणि पप्पांना एकट्याने आवरत नाही. उपासनेला आत बसायचं की बाहेर थांबायचं, ते तुझं तू ठरव. येताना केळी, संत्री, शहाळं आणू नकोस, पोटॅशियम वाढतं. सफरचंद चालतं.

तुझी,
आई