देवळाचा वाद आणि तुझं पहिलं कलम

ठाणे पश्चिम, रविवार

चि. मुक्ता हिस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या मूट कोर्टासाठी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाच्या न्यायालयासाठी, लिहिलेला दोन देशांमधल्या कराराचा मसुदा वाचला. देशांची नावं काल्पनिक असली तरी हा उघडच थायलंड-कंबोडियातल्या प्रेह विहेअर मंदिराचा वाद आहे. देऊळ शंकराचं, बरंचसं अकराव्या शतकातलं. आपल्या अंबरनाथच्या देवळातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. दोन्ही एकाच काळातली.

तुझं पहिलंच कलम ‘देऊळ कोणाचं’ हे आहे. ते खाली ने. आधी उद्या तिथे बंदूक घेऊन कोण उभं राहणार ते ठरव, मग सीमारेषा जमिनीवर नेमकी कुठून जाते ते, आणि मालकी त्यानंतर. हा क्रम चुकला की काय होतं ते याच देवळाने दाखवलंय.

१९०४ च्या करारात सयाम (थायलंडचं जुनं नाव) आणि तेव्हा कंबोडियावर राज्य करणाऱ्या फ्रान्सने सीमा जलविभाजकावरून ठरवली. माळशेजच्या माथ्यावरचा पाऊस पश्चिमेला उल्हासच्या खोऱ्यात जातो आणि पूर्वेला भीमेच्या, तशीच डांगरेक डोंगराची धार. पुढे फ्रेंच अधिकाऱ्यांनी काढलेल्या नकाशात मात्र रेषा धार सोडून गेली आणि देऊळ कंबोडियात आलं. नकाशाचं प्रमाण १:२,००,०००. म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर जमिनीवर २०० मीटर. अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघसुद्धा १०० मीटर रुंद पट्टा झाकते, आणि मंदिराची पूर्ण लांबी साधारण ८०० मीटर. म्हणून ‘जोडलेल्या नकाशाप्रमाणे’ एवढंच लिहून थांबू नकोस. अक्षांश-रेखांश दे, आणि नकाशा व मजकूर जुळले नाहीत तर कोणता ग्राह्य धरायचा तेही लिही.

१९६२ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नऊ विरुद्ध तीन मतांनी देऊळ कंबोडियाला दिलं. सयामने तो नकाशा स्वीकारला, जादा प्रती मागवल्या आणि वर्षानुवर्षं हरकत घेतली नाही, हे मुख्य कारण. पण आदेशात सीमारेषा आखून दिली नव्हती. थायलंडने देवळाभोवती काटेरी तारेचं कुंपण घातलं आणि आपल्या दृष्टीने निकाल पाळला. कुंपणाबाहेरच्या सुमारे ४.६ चौरस किलोमीटरवर दोघांचाही दावा राहिला आणि त्याच तुकड्याभोवती पुढे गोळ्या चालल्या.

ठिणगी पडली ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीवरून. जून २००८ मध्ये थायलंडच्या परराष्ट्रमंत्र्यांनी कंबोडियाच्या अर्जाला पाठिंब्याच्या निवेदनावर सही केली. ७ जुलैला देऊळ यादीत आलं, आणि दुसऱ्याच दिवशी थायलंडच्या घटनात्मक न्यायालयाने सांगितलं की संसदेची मंजुरी हवी होती. मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. खरं तर १९७२ च्या वारसा कराराच्या अकराव्या कलमातच लिहिलंय की यादीत नाव आल्याने कुठल्याही देशाचा जमिनीवरचा दावा वाढत किंवा कमी होत नाही. पण हे लोकांना आधी कुणीतरी समजावून सांगायला हवं ना? सहीआधी दोन्ही संसदांची मंजुरी, असं वेगळं कलम घालच.

आता बंदुकांचं. फेब्रुवारी २०११ मध्ये तिथे लढाई झाली. १८ जुलैच्या अंतरिम आदेशात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने चार बिंदूंचे अक्षांश-रेखांश देऊन सुमारे १७ चौरस किलोमीटरचा चौकोन आखला आणि दोघांनीही त्यातून सैन्य काढायला सांगितलं. वादाच्या तुकड्यापेक्षा हा चौकोन मुद्दाम मोठा आहे, आणि आदेश दोघांना सारखा आहे. म्हणून माघार म्हणजे हार ठरली नाही. देवळाची राखण करणारे निःशस्त्र लोक आणि त्यांचं सामान जाऊ द्यायचं, आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या निरीक्षकांना आत येऊ द्यायचं, हेही त्यात होतं. प्रत्यक्ष माघारीला वर्ष गेलं, म्हणून तू तारखा घाल. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने एकमताने स्पष्ट केलं की देऊळ ज्या डोंगराच्या सोंडेवर आहे ती सगळी कंबोडियाची आहे, शेजारची टेकडी मात्र त्या निकालात येत नाही.

२०११ चा आदेश मिळाला, कारण कंबोडियाने १९६२ च्या निकालाचा अर्थ विचारला होता, आणि जुन्या निकालाचा अर्थ विचारायला समोरच्या देशाची नव्याने संमती लागत नाही. नव्या वादाला लागते. महाराष्ट्र २००४ मध्ये बेळगावसाठी सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा कर्नाटकाची परवानगी लागली नव्हती. देशांचं तसं नसतं. थायलंड आता त्या न्यायालयाचा अधिकार मानत नाही. जुलै २०२५ मध्ये सीमेवर पुन्हा पाच दिवस तोफा चालल्या तेव्हा शस्त्रसंधी झाली ती मलेशियाच्या मध्यस्थीने. त्यामुळे तुझ्या मसुद्यात तंटा कुणाकडे न्यायचा हे दोन्ही देशांनी आधीच मान्य केलेलं असायला हवं.

सीमा आखायच्या वेळी जमिनीत पेरलेले सुरुंग विसरू नकोस. ते काढल्याशिवाय मोजणीवाले चढणार नाहीत आणि खांब रोवले जाणार नाहीत.

शेवटी वाट. या देवळाच्या पायऱ्या उत्तरेला, थायलंडकडे उतरतात. कंबोडियाच्या बाजूला सरळ कडा आहे. २००८ पर्यंत थायलंडकडून आलेले लोक दिवसभरासाठी वर जाऊन परत येत. मालकी एकाची आणि दर्शन दोन्ही बाजूंनी, हे तिथे चालत होतं. त्याचे नियम लिही: फाटक किती वाजता उघडेल, ओळखपत्र कोणतं, तिकिटाचे पैसे कुणाकडे, आणि फाटक बंद करायचं तर किती दिवसांची सूचना.

सुधारलेला मसुदा बुधवारपर्यंत पाठव. नकाशाचं परिशिष्ट वेगळ्या फाइलमध्ये दे, मी आधी तेच तपासेन.

तुझी,
आई