शेवटचा पगार कशाला विचारता?

संपादक महोदय,

नोकरीत खंड पडलेल्या महिलांनी बायोडाटा कसा लिहावा, यावरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. घरी असलेल्या वर्षांसाठी ‘गृहव्यवस्थापक : अंदाजपत्रक, वेळेचे नियोजन, ताणतणाव हाताळणे’ असं लिहा, असा सल्ला त्यात आहे. हेतू चांगलाच असणार. पण हा कागद नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखानदारापुढे ठेवून बघा. त्याला एकच चिंता असते, वीस तारखेच्या आत ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, जाणार की नाही.

मी बी.कॉम., सातपूरच्या एका छोट्या युनिटमध्ये अकाउंट्स बघत होते. २०१२ मध्ये नोकरी सोडली. मुलगी लहान होती, त्यात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. बाळंतपणाची रजा २०१७ मध्ये बारा आठवड्यांची सव्वीस झाली, छान झालं. पण अंथरुणाला खिळलेल्या सासूसाठी खासगी नोकरीत कोण रजा देतो? कुणीतरी घरी थांबायला हवं म्हटल्यावर ते कुणी, यावर आमच्याकडे चर्चासुद्धा झाली नाही. असो.

परत नोकरीला लागायचं ठरवलं तेव्हा खंडाबद्दल मी एवढंच लिहिलं : ‘२०१२ ते २०२४, कौटुंबिक जबाबदारीमुळे नोकरी नाही.’ खुलासा नाही की दिलगिरी नाही. जागा राखून ठेवली ती खालच्या मजकुरासाठी. मी सोडलं तेव्हा व्हॅट होता, एक्साइज होती, सर्व्हिस टॅक्स होता. १ जुलै २०१७ ला हे सगळं जीएसटीत गेलं. म्हणजे माझा जुना अनुभव बाद, असं वाचणाऱ्याला वाटणारच. म्हणून पुढे लिहिलं, की दिरांच्या हार्डवेअर दुकानाचं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) आणि ३बी मी भरते आणि दर महिन्याला टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली खरेदी २बीशी, म्हणजे पुरवठादारांनी अपलोड केलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीशी, ताडून बघते. हे काम मी रात्री ओटा आवरल्यावर करत आले, पण रिटर्न कुठे बसून भरलं हे पोर्टल विचारत नाही.

जुना अनुभवही तितकासा बाद नसतो. पूर्वी परराज्यात दोन टक्के सीएसटीने (केंद्रीय विक्रीकराने) माल दिला की सी फॉर्मसाठी, म्हणजे त्या सवलतीच्या दरासाठी गिऱ्हाइकाने द्यायच्या दाखल्यासाठी, इंदूरच्या, सुरतच्या पार्ट्यांना फोन करकरून जीव जायचा. आता पुरवठादाराने बिल अपलोड केलं नाही की ते २बीत येत नाही, आणि जानेवारी २०२२ पासून २बीत नाही तर क्रेडिटही (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) नाही. तेव्हा गिऱ्हाइकाच्या मागे लागायचो, आता पुरवठादाराच्या. हे ज्याने केलंय त्याला ते एका वाक्यात कळतं, म्हणून मी ते बायोडाट्यात तसंच, एका वाक्यात घातलं.

आणि सोसायटीचं खजिनदारपद. बहुतेक जणी ते ‘छंद व सामाजिक कार्य’ या सदरात टाकतात. का? थकबाकी सभासदवार काढली, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) चालू खर्चात मिसळला होता तो वेगळा केला, ऑडिटरच्या शेऱ्यांवर दोषदुरुस्ती अहवाल वेळेत दिला, आणि ऑडिट वर्ग ‘ब’चा ‘अ’ झाला. ही अनुभवाची नोंद आहे, आणि पुराव्याला ऑडिट रिपोर्ट आहे. रांगोळी आणि वाचनाच्या शेजारी तिचं काय काम?

बायोडाट्याचं एवढ्यावर निभावतं. घोडं अडतं ते पुढे, आणि लेखात त्याबद्दल अवाक्षर नाही. ऑनलाइन अर्जात ‘सध्याची कंपनी’, ‘सध्याचा पगार’, ‘नोटीस पीरियड’ या रकान्यांवर लाल चांदणी असते, म्हणजे ते भरणं सक्तीचं. शून्य टाकलं तर फॉर्म पुढे सरकत नाही. डॅश चालत नाही. शेवटी २०१२ ची कंपनी आणि २०१२ चा पगार, नऊ हजार पाचशे, टाकावा लागतो. (पदवी पुणे विद्यापीठाची, तीही माहेरच्या नावाने, यादीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ शोधायचं आणि नावाच्या बदलाचं गॅझेट जोडायचं, हा आणखी वेगळा उद्योग.)

तो आकडा मग पाठ सोडत नाही. एका ठिकाणी टॅलीवर एंट्री करून दाखवली, सगळं पसंत पडलं. शेवटी एचआरच्या बाईंनी कॅल्क्युलेटर काढला. ‘लास्ट ड्रॉन’, म्हणजे शेवटचा पगार, साडेनऊ हजार, त्यावर तीस टक्के हाइक (वाढ), झाले बारा हजार तीनशे पन्नास. ‘आमच्याकडे तीस टक्के कुणालाच देत नाहीत हो मॅडम,’ असं वर. त्याच ऑफिसात नुकताच बी.कॉम. होऊन आलेला मुलगा अठरा हजारांवर होता, कारण त्याच्या फॉर्ममध्ये मागचा पगारच नव्हता. केंद्र सरकारच्या नोकरीत असते तर १ जानेवारी २०१६ पासून सातवा वेतन आयोग मिळाला असता. मी त्या बाईंना नाही म्हणून आले.

सध्या एका कर सल्लागारांकडे काम करते. त्यांनी मागचा पगार विचारला नाही. अडकलेला एक २बी समोर टाकला आणि तफावत काढायला सांगितली.

पुरवणीला एक विनंती आहे. पुढच्या वेळी बायकांना बायोडाटा शिकवण्याआधी सातपूर-अंबडच्या दहा-बारा कंपन्यांच्या एचआरला फोन करावा आणि विचारावं, की बारा वर्षांपूर्वीच्या पगारावर आजचा पगार कोणत्या हिशेबाने ठरवता, आणि त्या रकान्यावरची लाल चांदणी काढायला काय हरकत आहे. मिळतील ती उत्तरं जशीच्या तशी छापावीत.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक
(कृपया नाव छापू नये.)