उजव्या चाकाचा आवाज

रत्नागिरी

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार.

अप्पांच्या मारुती ८०० मधला उजव्या बाजूचा आवाज अखेर सापडला, आणि तो घालवण्यासाठी मी गाडीचे पुढचे सस्पेन्शन, म्हणजे चाके धरून ठेवणारी आणि धक्के झेलणारी जोडणी, घरच्या अंगणात उघडून नव्या भागांसह पुन्हा बसवले. घरात ही बातमी सांगितली तर "बरं झालं" एवढेच उत्तर मिळते, म्हणून तुला लिहायला बसलो. माझी प्रकृती ठीक आहे, साखर आटोक्यात आहे, आईचे गुडघे पूर्वीइतकेच दुखतात.

मोठ्या खड्ड्यातून गाडी गेली तर काही ऐकू येत नसे. गल्लीतल्या बारीक खडीवरून सावकाश चाललो की मात्र टकटक सुरू होई, आणि ब्रेक दाबताना एक ठक्, सोडताना आणखी एक ठक्. येथल्या एका गॅरेजने दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलून दिले आणि आवाज होता तसाच राहिला. पुन्हा गेलो, तेव्हा "गाडी जुनी आहे, आवाज करणारच" असे सांगून त्यांनी विषय संपवला. या वाक्याचा मला मनापासून राग येतो. आवाज येतो तेव्हा कुठेतरी फट पडलेली असते आणि ती फट शोधता येते, हे आपण अप्पांच्या पद्मिनी गाडीखाली पडून शिकलो होतो.

ब्रेकचा तो ठक् हाच खरा पुरावा होता. ८०० चा लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा लोखंडी दांडा, आतल्या बाजूला एकाच बुशावर, म्हणजे रबर भरलेल्या नळीवर, टांगलेला असतो आणि त्याला पुढेमागे हलू न देण्याचे काम दोन्ही आर्म जोडणाऱ्या स्टॅबिलायझर बारकडे असते. त्या बारच्या टोकाचे रबर झिजले की ब्रेक लावताक्षणी चाक किंचित मागे सरकते आणि ब्रेक सोडला की जागेवर येते. त्यात शॉकॲब्सॉर्बरचा काही संबंधच नाही. लहान पहार घालून आर्म ढकलून पाहिला, तर डोळ्यांना दिसेल इतका तो सरकत होता. आर्मच्या बाहेरच्या टोकाचे चित्र त्याहून वाईट होते. तेथल्या बॉलजॉइंटची, म्हणजे गोळ्यावर फिरणाऱ्या सांध्याची, रबरी टोपी फाटून आतल्या ग्रीसचा लाल चिखल झाला होता. पद्मिनीच्या किंगपिनला, म्हणजे चाक ज्यावर वळते त्या खिळीला, ग्रीस भरायचे निपल होते, ग्रीसगन लावून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबले की काम झाले. हा बॉलजॉइंट कायमचा बंद केलेला असतो; टोपी फाटून पाणी आणि माती आत गेली की त्याची सेवा करण्याची सोयच राहत नाही, तो बदलावाच लागतो. बॉलजॉइंटसह संपूर्ण आर्म आणला, दोन्ही बाजूंचे आणले, शिवाय बारची सगळी रबरे आणि स्टिअरिंगची हालचाल चाकाकडे नेणाऱ्या टाय रॉडची टोके. ८०० चे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले, तरी सुटे भाग अजून मिळतात. मात्र त्यांत बरे-वाईट फार असते, आणि एका दुकानातला आर्म तर वेल्डिंग पाहूनच परत ठेवला.

सर्वांत जास्त वाईट मला आतल्या बुशचे वाटले, कारण तो तसा अलीकडचा होता आणि तरीही चिरफळला होता. हा बुश बोल्टाभोवती फिरत नाही. आतली लोखंडी नळी बोल्टाने घट्ट धरलेली, बाहेरची आर्ममध्ये दाबून बसवलेली, आणि चाक वर-खाली होते तेव्हा मधले रबर पिळले जाते. गाडी लिफ्टवर असताना, चाक खाली लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर रबराला ती लोंबकळणारी स्थिती हीच आपली जागा वाटते, आणि गाडी जमिनीवर उभी राहिली की ते दिवसरात्र पिळलेलेच राहते. रबराचा दोष नव्हता. बोल्ट बसवताना नुसता हाताने लावून ठेवायचा, चाकांवर गाडीचे वजन आले की मगच आवळायचा, एवढी काळजी कोणी घेतली असती तर तो अजून टिकला असता.

येथे तू म्हणशील की हे तू मला फार पूर्वी सांगितले होतेस. सांगितले होतेस, मान्य. पण टॉर्क पाना, ठरावीक जोराने बोल्ट आवळणारा पाना, म्हणजे हाताचा अंदाज नसलेल्या माणसाची काठी, हेही तूच सांगितले होतेस, आणि त्यावरून आपण माईंच्या समोर जेवणाच्या पाटावर भांडलो होतो. तो वाद मी आजही सोडलेला नाही. मी टॉर्क पाना विकत घेतला आहे आणि प्रत्येक बोल्ट त्याने आवळला आहे, हे तुला मुद्दाम कळवतो.

वजन देऊन आवळायचे तर खाली शिरायला जागा हवी, म्हणून जुन्या फणसाच्या जाड फळ्या एकमेकींना खिळून चारही चाकांखाली ठेवल्या. शेजारचे काका चिरे देत होते. चिऱ्यावर गाडी उभी करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण जांभा दगड आधी कोणतीही सूचना न देता फुटतो, आणि त्या क्षणी खाली माणूस असतो. भाग सोडवताना मात्र जॅकवर उचलून गाडी चौकटीखालच्या स्टँडवर टेकवली आणि काढलेली चाकेही खाली सरकवून ठेवली. पुढचा भाग दोन्ही बाजूंनी एकदम उचलला, कारण एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो आणि त्याची टोके सुटतानाही त्रास देतात, बसतानाही.

समुद्राकाठच्या हवेने आर्मचा आतला बोल्ट बुशच्या नळीत असा धरला होता की गंजावर सोडायचे तेल रात्रभर मुरवूनही तो हलला नाही. पेटती ज्योत तेथे नेणे मला पटेना, कारण जवळून ब्रेकची नळी जाते; करवतीच्या पात्याने तो दोन्हीकडून कापला. बॉलजॉइंटचा दांडा नकलमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या लोखंडी भागात, शिरतो आणि त्याच्या खाचेतून आडवा बोल्ट जातो. खाच नीट समोर येईपर्यंत दांडा वर बसला पाहिजे, आणि ती समोर आल्यावर बोल्ट अडखळत नाही, सरळ आरपार जातो. तेथे मी बराच वेळ थांबलो. नकल मोकळी असताना बाहेर ओढली जाऊन चाकाला फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा आतला जोड निसटू नये, म्हणून ती तारेने बांधून ठेवली होती, आणि ब्रेकच्या रबरी नळीवर कशाचेही वजन येऊ दिले नव्हते.

शॉकॲब्सॉर्बरच्या वरची रबरी बैठकही तडकली होती. ती बदलायला स्प्रिंग दाबून धरावी लागते, आणि ते काम मी घरी केले नाही. दोन्ही स्ट्रट, म्हणजे स्प्रिंगसकट शॉकॲब्सॉर्बर, सोडवून एका वर्कशॉपमध्ये नेले आणि पक्क्या यंत्रावर करून आणले. वरचे मधले नट स्प्रिंग न दाबता सोडले तर काय होते, ते नानांच्या पडवीच्या कौलांना विचार. नाना अजूनही पाहुण्यांना ते भोक दाखवतात म्हणे.

आता खरी गोष्ट. धाकटीला कोल्हापुरात नोकरी लागली आहे, गणपतीनंतर रुजू व्हायचे आहे, आणि तिला ही गाडी हवी आहे. याच गाडीवर ती शिकली, तिचा हट्ट मला समजतो, मला आनंदही होतो. पण म्हणजे भर पावसात, धुक्यात, आंबा घाट, आणि एकटी. इंजिन बंद पडले तर ती कडेला थांबेल, फोन करेल. बॉलजॉइंट सुटला तर चाक आडवे पडते आणि स्टिअरिंगला अर्थ उरत नाही, आणि उजव्या वळणावर डावीकडे दरी असते. आवाज पूर्ण गेला आहे. टाय रॉडची टोके बदलली म्हणून अलाइनमेंट करून घेतले, आतल्या कडेने खाल्लेले दोन्ही टायर बदलले. काहीशे किलोमीटर चालवून पुन्हा सगळे बोल्ट तपासले. प्रत्येक नट आणि बोल्टावर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढून ठेवली आहे, नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. एकही तुटलेली नाही. टाय रॉडच्या नटांतल्या दुफाटी पिना नव्या आहेत. तरीही रात्री मध्येच जागा होतो आणि तो आडवा बोल्ट डोळ्यांसमोर येतो. ही म्हणते, गॅरेजला दाखवून घ्या. ज्यांनी आवाज म्हातारपणावर ढकलला, त्यांच्या होकाराने माझे मन कसे निवेल? आणि मीच मला तपासत राहिलो, तर जे बसवले तेच मला दिसत राहणार.

म्हणून तुझ्यावर एक काम टाकतो. गणपतीला येशीलच, तर एक दिवस आधी ये. चाक उचलून वर-खाली धरून हलव, मग डावे-उजवे धरून हलव, बॉलजॉइंटखाली पहार घाल, बुश पाहा, रेघा पाहा. टॉर्क पाना नको असेल तर तुझ्या हाताने पाहा. मी बाजूला उभा राहीन आणि एक शब्द बोलणार नाही.

तुझी बदली झाल्याचे ताईंकडून कळले, मनापासून अभिनंदन. नव्या घराचे काम कुठवर आले? वहिनींची शस्त्रक्रिया नीट पार पडली ना, ते दोन ओळींत तरी कळव. चिरंजीवांना आशीर्वाद.

धाकटीला मी सांगून ठेवले आहे की दिनूकाका हो म्हणाला तर किल्ली तुझी. तो नाही म्हणाला तर ती एसटीने जाईल, आणि आपण दोघे पुन्हा गाडीखाली शिरू.

तुझा,
बापू